प्रभूच्या मेजावर कोणाच्या घरची भाकर?

(वाचावे : १ करिंथ १०.१६-१७, गलती २.११-१४)



प्रभुभोजनाच्या दिवशी मेजावर जी भाकर ठेवावयाची ती कोठून आणावी, हा प्रश्न खेड्यांतील मंडळ्यांकडून आमच्याकडे पुनःपुन्हा येतो. गोंदियाच्या किंवा तिरोड्याच्या बाजारातून पांढरी डबलरोटी आणावी, तिच्या कडा कापून टाकाव्या आणि मधल्या भागाचे चौकोनी तुकडे करून ताटात मांडावे, अशी रीत पुष्कळ ठिकाणी पडून गेली आहे. आता कित्येक उपदेशक बंधू विचारतात की, आमच्या घरी गव्हाची कणीक आहे, चूल आहे, भाजणारे हात आहेत. तर मग सबंध गव्हाच्या पिठाची, घरी भाजलेली भाकर प्रभूच्या मेजावर चालेल काय? दुसरे बंधू तितक्याच कळकळीने लिहितात की, ते मेज पवित्र आहे; तेथे घरची काळसर, कोंड्याची भाकर मांडणे म्हणजे त्या मेजाचा अपमान करणे होय. दोन्ही पक्षांचा हेतू चांगला आहे. यास्तव उत्तर घाईने देणे आम्हांस उचित वाटत नाही.

प्रथम गव्हाचा दाणाच हाती घेऊन पाहू. त्याचे तीन भाग आहेत. बाहेरचे साल, ज्यास आपण कोंडा म्हणतो. एका टोकाशी असलेला बारीकसा अंकुर. आणि आतील पांढरा गर. वजनाने पाहिले तर शंभर भागांत कोंडा १४-१५ भाग, अंकुर २-३ भाग आणि बाकीचे सुमारे ८३ भाग गर. जात्यावर किंवा गावच्या गिरणीत गहू दळला म्हणजे हे तिन्ही भाग एकत्र उतरतात. तिला आपण कणीक म्हणतो. पहिले दोन भाग काढून टाकून केवळ गराचे जे पीठ करतात तो मैदा. डबलरोटी बहुतकरून मैद्याची असते.

हे दोन भाग का काढतात? एक कारण व्यापाराचे आहे. अंकुरात तेल असते, त्यामुळे कणीक काही आठवड्यांत खवट होऊ लागते. मैदा मात्र महिनोगणती टिकतो, आणि दूरवर माल पाठविणाऱ्यास टिकाऊ पीठच हवे असते. दुसरे कारण मानाचे आहे. पूर्वी पांढरे पीठ काढावयाचे म्हणजे पुनःपुन्हा चाळावे लागे. त्यास मजूर लागत, वेळ लागे, धान्य वाया जाई. म्हणून पांढरी भाकर राजेरजवाड्यांच्या व श्रीमंतांच्या ताटात आणि काळसर भाकर नांगरणाऱ्याच्या ताटात, असा भेद पश्चिमेकडील देशांत शेकडो वर्षे चालला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रथम हंगेरीत व मग अमेरिकेत पोलादी रुळांच्या गिरण्या पसरल्या आणि पांढरे पीठ सर्वांस स्वस्त झाले. पीठ स्वस्त झाले, परंतु त्याचा मान उतरला नाही. पांढरे ते थोरांचे आणि काळसर ते गरिबांचे, ही समजूत त्या पिठाबरोबर आपल्याही देशात आली.

आपला गोंदिया जिल्हा भाताचा. वैनगंगेच्या खोऱ्यात, जुन्या मालगुजारी तलावांच्या पाण्यावर येथे धान पिकते, आणि गोंदिया शहर तर तांदळाच्या गिरण्यांसाठीच नावाजलेले आहे. म्हणून हीच गोष्ट तांदळाच्या दृष्टान्ताने आपणांस अधिक लवकर कळेल. आपल्या आज्या उखळात मुसळाने धान सडीत, तेव्हा तांदळावर थोडा कोंडा राही. गिरणीतून निघणारा शुभ्र तांदूळ दिसण्यात मोत्यासारखा. पण त्याच्या अंगावरून काय निघून गेले हे डोळ्यांस दिसत नाही. जावा बेटात ख्रिस्तियान आइकमन नावाचे डच वैद्य होते. १८९० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी असे पाहिले की, केवळ शुभ्र सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला असता त्या बऱ्या होतात. माणसांस होणाऱ्या बेरीबेरी रोगाचे मूळ याच वाटेने सापडले. कोंड्याबरोबर जे जीवनसत्त्व फेकले जात होते त्याच्या अभावी हातापायांतील बळ जात होते. या शोधाबद्दल १९२९ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याच देशात कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन या वैद्यांनी १९२० नंतरच्या दशकात निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचे अन्न उंदरांस देऊन पाहिले. सबंध गव्हाच्या चपात्या, दूध, डाळ व भाजीपाला यांवर वाढलेले उंदीर सर्वांत धट्टेकट्टे निघाले, तर शुभ्र तांदूळ हेच ज्यांचे मुख्य अन्न त्यांची वाढ खुंटली.

वर्ध्याची गोष्टही येथे सांगितली पाहिजे, कारण ते ठिकाण आपल्याच विदर्भातील आहे आणि ती गोष्ट एका ख्रिस्ती मनुष्याची आहे. १९३४ साली महात्मा गांधींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला. त्याचे कार्यालय वर्ध्यास मगनवाडीत होते आणि त्याचे मंत्री होते जे. सी. कुमारप्पा, तामीळ देशातील एका ख्रिस्ती घराण्यातील पुत्र. हातसडीचा तांदूळ व जात्यावरचे सकस पीठ खेड्यापाड्यांत टिकावे यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खपून काम केले. पुढे तुरुंगात असता त्यांनी प्रभू येशूच्या वागणुकीवर व शिकवणीवर एक पुस्तक लिहिले. ते १९४५ साली प्रसिद्ध झाले. पिठाचा कोंडा आणि प्रभूची शिकवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे त्या भल्या गृहस्थास वाटले नाही.

एवढ्यावरून घरोघरी कणीकच खावी, मुलांस कोंडा न काढलेले अन्न द्यावे, हे उघड आहे, आणि याविषयी आमचे आग्रहाचे सांगणे आहे. परंतु प्रभूच्या मेजाचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. प्रभुभोजन हे औषध नव्हे. तेथे मिळणाऱ्या एका तुकड्याने कोणाचे शरीर पुष्ट होत नाही. आणि देवाचे राज्य खाण्यापिण्यात नाही हे पौलाने रोमकरांस लिहिलेच आहे. म्हणून कोंड्यात बळ आहे एवढ्याचसाठी घरची भाकर आणा, असे आम्ही म्हणणार नाही. घरची भाकर आपणांस नकोशी का वाटते, हा खरा प्रश्न आहे. त्याची तीन कारणे आम्हांस दिसतात. एक सोय, दुसरे पांढरेपणाविषयी आदर, आणि तिसरे कारण असे की जे कोणी उघड बोलत नाही.

सोयीविषयी फार लिहावयास नको. ज्या उपदेशकास एका रविवारी तीन गावे करावयाची आहेत त्याने पिशवीत डबलरोटी घातली तर त्यास कोण दोष देईल? डबलरोटी हे पाप नव्हे. ख्रिस्ताचे शरीर मोडले गेले याची आठवण तिच्याही तुकड्याने होते व होत आली आहे.

पांढरेपणाविषयी मात्र विचार केला पाहिजे. आमचे एक वृद्ध वाचक लिहितात की, लेवीयाच्या दुसऱ्या अध्यायात अन्नार्पणास सपीठ सांगितले आहे, भरडे पीठ नाही. मग नव्या करारात आपण त्याहून हलके कसे आणावे? आक्षेप योग्य आहे आणि शास्त्रास धरून आहे. परंतु त्या नियमाचा हेतू पाहावा. त्या लोकांस सपीठ दुकानातून आणावयाचे नव्हते. आपल्याच शेतातले गहू, घरच्याच जात्यावर दळून व मेहनतीने चाळून ते सिद्ध होई. घरात जे उत्तम व अधिक श्रमाचे, ते देवास, हा त्यातील अर्थ. मम्रेच्या एलोनांखाली पाहुणे आले तेव्हा अब्राहामाने सारेस तीन मापे सपीठ मळावयास सांगितले. तेही डेऱ्यातच मळले गेले. यास्तव सपीठाचा नियम पांढऱ्या रंगाच्या बाजूने साक्ष देत नाही. श्रमाच्या व प्रेमाच्या बाजूने देतो. जी बहीण पहाटे उठून गहू निवडते, दळून आणते, मळते व निगुतीने भाजते, ती त्या नियमाच्या हेतूस अधिक जवळ आहे. आणि रंगाविषयी म्हणाल तर, पाच हजारांस प्रभूने जेवू घातले ते एका पोराजवळच्या जवाच्या भाकरींनी. जव हे त्या देशात गरिबांचे धान्य होते. प्रभूने आधी गव्हाच्या आणा असे म्हटले नाही.

शुद्ध म्हणजे काय, याविषयीच आपली समजूत चुकते असे आम्हांस वाटते. ज्यातून पुष्कळ काही काढून टाकले ते शुद्ध, असे आपण धरून चालतो. दाण्यातून साल काढले, अंकुर काढला, म्हणजे तो शुद्ध झाला! देवाने दाणा केला तो सालासह आणि अंकुरासह. त्यातील खडा, माती, किडका दाणा काढणे ही स्वच्छता. पण देवाने दाण्यातच ठेवलेले काढून टाकणे ही शुद्धता नव्हे. जो अंकुर काढून टाकतात त्यातूनच तर पेरल्यावर रोप उगवते. गव्हाचा दाणा भुईत पडून मेला तर पुष्कळ पीक देतो, असे प्रभूने आपल्या मरणाविषयी सांगितले ते सबंध दाण्याविषयी. मैदा पेरून काही उगवत नाही.

आता तिसरे कारण.

आमच्या माहितीतील एक लहानशी मंडळी आहे. एका पावसाळ्यात नाल्यास पूर येऊन रस्ता बंद झाला आणि बाजारातून डबलरोटी आणता आली नाही. तेथील उपदेशकाने मंडळीतील एका विधवा बहिणीस भाकर भाजावयास सांगितले. तिने कणकेची जाड भाकर गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजली, स्वच्छ फडक्याने राख झाडली आणि नव्या टोपलीत झाकून आणली. उपासना झाली. भाकर मोडण्यात आली. परंतु तीन घरची माणसे आपल्या जागेवरून उठली नाहीत. एकास ताप होता, एकाचा उपास होता, एकाचे मन तयार नव्हते. पुढच्या महिन्यात रस्ता खुला झाला, डबलरोटी आली, आणि ती तिन्ही घरे पुढे येऊन सर्वांबरोबर प्रभुभोजनास बसली. कोणी भांडले नाही. मंडळीच्या वहीत सर्वांची नावे जशीच्या तशी राहिली. त्या बहिणीने मात्र उपदेशकास एकच विचारले, “गुरुजी, भाकर कच्ची राहिली होती का जी?”

भाकर कच्ची नव्हती. काय कच्चे होते हे उपदेशकास ठाऊक होते, तिलाही ठाऊक होते. तरी तिने दोष दुसऱ्यांस न लावता आपल्या भाकरीस लावून पाहिला. बंधुभगिनींनो, आपण सर्व एका जातीतून आलेलो नाही. आपल्या पूर्वजांपैकी कोणी कोणाच्या विहिरीस शिवत नव्हते, कोणी कोणाच्या ओट्यावर चढत नव्हते. बाप्तिस्म्याच्या पाण्याने ते सर्व धुऊन गेले असे आपण गातो, प्रार्थनेत म्हणतो, परक्यांस सांगतो. परंतु दुकानाची डबलरोटी मेजावर असेपर्यंत त्याची परीक्षा होत नाही, कारण ती कोणाच्याच घरची नसते. पुष्कळ ठिकाणी तिचा खरा उपयोग हाच होऊन बसला आहे.

यातील विपरीतपणा असा की, हीच डबलरोटी एके काळी जातिभेद मोडणारी वस्तू मानली जात असे. पाव-बिस्किट खाल्ले म्हणजे मनुष्य बाटला, असे आपल्या महाराष्ट्रात लोक म्हणत. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, एवढ्यावरून केवढे वादळ उठले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत कसे गेले, हे सर्वश्रुत आहे. त्या काळी पाव खावयास धैर्य लागे, कारण तो परक्या हाताचा असे. आज तोच पाव ओळखीच्या हातापासून लपावयाची जागा झाला आहे. दुकानच्या भट्टीत कणीक कोणी मळली हे कोणी विचारीत नाही. आणि शेजारच्या ओळीतील बहिणीने मळली हे कळले की घशाखाली घास उतरत नाही. न पाहिलेल्या हाताचा विटाळ नाही, पाहिलेल्या हाताचा आहे. तर मग तो विटाळ हातात नाही, आपल्याच डोळ्यांत आहे.

हा रोग नवा नाही. अंत्युखियात पेत्र हा परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवत असे; परंतु याकोबाकडील माणसे येताच तो मागे सरला व वेगळा राहू लागला. त्याने कोणास शिवी दिली नाही, बाहेर काढले नाही. तो केवळ जेवणावरून उठला. तथापि पौलाने एवढ्या थोर प्रेषितास सर्वांसमक्ष दोष दिला आणि हे वर्तन सुवार्तेच्या सत्यास धरून नाही असे ठरविले. ही शिक्षणाची चूक नव्हती, जेवणाची चूक होती. आणि पौलाने तीस सुवार्तेचीच चूक मानले. आपल्या देशातही १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी दक्षिणेकडील मंडळ्यांस पत्र लिहून जातिभेद निखालस सोडावा अशी आज्ञा केली. तेव्हा कित्येकांनी जात सोडण्याऐवजी मंडळी सोडली. ते दुःखदायक झाले खरे, परंतु निदान रोग उघड झाला. आपल्या मंडळ्यांत कोणी मंडळी सोडीत नाही; आपण रोगावर पांढरा तुकडा ठेवून तो झाकला आहे.

लक्ष्मीबाई टिळक यांची आठवण येथे उपयोगी पडेल. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांस १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. ती वाट आपल्या गोंदियावरूनच जाते. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई पुढे पतीजवळ येऊन राहिल्या, तरी आपले सोवळे व आपले पाणी त्यांनी वेगळे ठेवले होते. मग त्यांच्या मनाने घेतले की, हा भेद देवाने केलेला नाही, माणसांनी केलेला आहे. आणि त्यांनी तो सोडून दिला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे सर्व मोकळेपणाने लिहून ठेविले आहे. त्यांच्या बाबतीत हात आधी पुढे आला आणि बाप्तिस्मा मागाहून. आपल्यांतील कित्येक घराण्यांचा बाप्तिस्मा होऊन दोन-तीन पिढ्या लोटल्या, तरी हात अजून पुढे येत नाही.

येथे कोणी म्हणेल की, अशक्त विवेकाच्या बंधूस अडखळण होऊ देऊ नये असे रोमकरांस पत्राच्या चवदाव्या अध्यायात आहे. तर ज्यास अजून जड जाते त्यास सांभाळून घ्यावे, उगाच परीक्षा कशास पाहावी? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. तथापि त्या अध्यायात ज्यास सांभाळावयाचे आहे तो, अमुक अन्न खाल्ले तर देव रागावेल काय, अशी भीती बाळगणारा मनुष्य आहे. आपल्या भावास कमी लेखणाऱ्यास तेथे आश्रय नाही. उलट भावास तुच्छ मानू नये हेच तेथे सांगितले आहे, आणि पुढच्याच अध्यायात ख्रिस्ताने जसा आपला स्वीकार केला तसा एकमेकांचा स्वीकार करावा अशी आज्ञा आहे. शिवाय आपण नेहमी एकाच बाजूच्या अडखळणाचा विचार करतो. त्या विधवा बहिणीस जे अडखळण झाले त्याचा हिशेब कोणी ठेविला? जो उठला नाही त्याचे मन आपण सांभाळले; जिची भाकर तशीच राहिली तिचे मन सांभाळण्याचे कोणास सुचले नाही.

म्हणून आमचे मत असे आहे की, जेथे शक्य आहे तेथे प्रभुभोजनाची भाकर मंडळीच्या घरांतून, पाळीपाळीने, सबंध गव्हाच्या कणकेची भाजून यावी. पाळीपाळीने हा शब्द महत्त्वाचा आहे. ती एकट्या उपदेशकाच्या घरून येऊ लागली, तर तीही एक पळवाट होईल. कारण गुरुजींच्या घरचे खाण्यास बहुधा कोणाची हरकत नसते. वहीत जितकी घरे, तितक्या पाळ्या. भाजणारीचे नाव मिरवू नये, लपवूही नये. जो अजून पुढे येऊ शकत नाही त्यास ओढून आणू नये, चारचौघांत लाजवूही नये. परंतु त्याच्यासाठी पुन्हा दुकानाची वाट धरू नये. उपदेशकाने त्याच्या घरी जावे, त्याच्याबरोबर प्रार्थना करावी. आणि आठवड्याच्या इतर दिवशी उपदेशकाने व आम्ही पाळकांनी प्रत्येक घरी बसून जेवावे. रविवारी एक तुकडा सर्वांच्या हातचा आणि सोमवारपासून पाणी ठरावीक घरचे, असे आम्हीच वागलो, तर आमच्या उपदेशास कोण विचारील?

काही व्यवहाराच्या गोष्टी. कोंडा पाणी हळूहळू शोषतो, म्हणून कणीक थोडी सैल मळावी व ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवावी. तशी केली म्हणजे भाकर कोरडी पडत नाही आणि मोडताना चुरा कमी होतो. कणीक फार जुनी नसावी. चिमूटभर मीठ पुरे. रोडगे व पानगे करणे आपल्या बहिणींस शिकवावे लागत नाही. आपल्या प्रांतात गव्हाचे भरडे पीठ मळून गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजण्याची व पळसाच्या पानांत पानगे भाजण्याची रीत जुनी आहे. तीच जाड भाकर, तेल-तूप न घालता, आधी तव्यावर व मग निखाऱ्यांवर भाजावी. हात, परात व फडके स्वच्छ असावे. स्वच्छतेची काळजी करणाऱ्यांचे म्हणणे खरे आहे आणि ते ऐकावे. गोवऱ्यांच्या विस्तवाची कोणा शहरी बंधूस किळस वाटल्यास त्याने यहेज्केलाचा चवथा अध्याय वाचावा; संकटाच्या दिवसांत देवाने आपल्या संदेष्ट्यास अशाच विस्तवावर भाकर भाजण्याची मोकळीक दिली. थकलेल्या एलीयासाठी रानात जी भाकर सिद्ध होती तीही निखाऱ्यांवरची. आणि पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या समुद्रकाठी शिष्यांसाठी भाकर ठेविली तेव्हा तेथे कोळशांचा विस्तवच होता.

ज्या गावी गहू मिळतच नाही, तेथे काय करावे असे सालेकसा व देवरीकडील बंधू विचारतील. रोमी मंडळीच्या नियमाने भाकर गव्हाचीच लागते. आपल्या सुधारलेल्या मंडळ्यांची दृष्टी निराळी आहे. काल्विनाने तर भाकर खमिराची असावी की बिनखमिराची, याही गोष्टी मंडळीच्या मोकळिकीवर सोडल्या. प्रभूने स्वतः गव्हाच्या दाण्याचा दृष्टान्त दिला आणि जगभरच्या मंडळ्या बहुतकरून गव्हाचीच भाकर मोडतात, म्हणून गहू मिळेल तेथे गहू असावा हे बरे. न मिळेल तेथे आपल्या पाळकास विचारून तांदळाची भाकर मोडावी. भाकर तांदळाची असल्याने प्रभूचे मेज मोडत नाही. बाजूच्या बंधूकडे पाठ फिरविल्याने मात्र ते मोडते. करिंथ येथील मंडळीत भाकर होती, प्याला होता, विधी होता. तरी गरीब भुकेले राहतात व श्रीमंत आधी जेवतात हे ऐकून पौलाने लिहिले की, हे प्रभूचे भोजन नव्हेच.

पौल म्हणतो की भाकर एक आहे, म्हणून आपण पुष्कळ असून एक शरीर आहो. ती एक भाकर कोणत्या तरी एका घरच्या जात्यावर दळली गेली, कोणा एका बहिणीच्या हाताने मळली गेली. तो हात नको आणि भाकर हवी असे म्हणता येत नाही. ज्या प्रभूने जकातदारांच्या घरी जेवण केले आणि शोमरोनी बाईजवळ तिच्याच घागरीतील पाणी मागितले, तो आपल्या मेजाशी आपणांस बोलावीत आहे. या महिन्याच्या प्रभुभोजनास कोणाची पाळी घालावी, हे आपल्या मंडळीने येत्या रविवारी ठरवावे; आणि ज्या घरची भाकर आजवर कोणी मागितली नाही, त्या घरापासून आरंभ करावा. त्या घरी निरोप सांगावयास उपदेशकाने कोणास पाठवू नये, स्वतः जावे, आणि जाईल तेव्हा तेथे पाणी मागून प्यावे.